वर्षभराच्या वाचनाकडे वळून पाहताना

या महिन्यात सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: वर्षभर जे वाचले, त्याचा आढावा घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? पत्रे वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या आवडींच्या वाचकांची आहेत. ती थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत आणि नेहमीप्रमाणे नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: गेली काही वर्षे मी वाचून झालेल्या पुस्तकांची यादी ठेवतो. यंदाची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि धक्का बसला, कारण कितीतरी पुस्तकांविषयी मला शीर्षकापलीकडे काहीच आठवेना. एक जाडजूड चरित्र मी मोठ्या आवडीने वाचले होते. त्यातले आज एवढेच आठवते की चरित्रनायिका दीर्घ आजारपणात खिडकीशी बसून एक परकी भाषा शिकली. बाकी पाटी कोरी. हे सारे वाचन वाया गेले असे समजायचे का? आणि आढावा घ्यायचा तो कशाचा?

उत्तर: वाया गेले असे मुळीच समजू नका. वाचलेले विसरणे हा स्मरणशक्तीचा स्वभावच आहे आणि ज्यांनी जन्मभर ग्रंथांच्या सहवासात दिवस काढले त्यांनाही तो चुकलेला नाही. सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार मिशेल द मॉन्तेन यांनी आपल्या ग्रंथवाचनावरील निबंधात स्पष्टच लिहून ठेवले आहे की, काही वर्षांपूर्वी लक्षपूर्वक वाचलेली आणि स्वतःच्या हाताने टिपणे लिहून भरवलेली पुस्तके नवी समजून ते पुन्हा हाती घेत असत. त्यावर त्यांनी काढलेला उपाय अगदी साधा होता. जे पुस्तक पुन्हा वाचायचे नाही त्याच्या शेवटी ते वाचून संपल्याची तारीख आणि त्याविषयी बनलेले आपले एकंदर मत ते लिहून ठेवू लागले, म्हणजे वाचताना मनात उभी राहिलेली लेखकाची प्रतिमा तरी पुढे हाती लागावी. त्यांनी पुस्तकाचा गोषवारा लिहिला नाही, आपले मत लिहिले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण गोषवारा पुस्तक उघडले की पुन्हा मिळतो, त्या दिवशीचे आपले मत मात्र दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

विसरण्याचे पद्धतशीर मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केले आणि ते 1885 साली प्रसिद्ध झाले. निरर्थक अक्षरगटांच्या माळा स्वतः पाठ करायच्या आणि काही काळाने त्याच माळा पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. तासाभरातच ही बचत निम्म्याच्या खाली आली आणि एका दिवसाने ती साधारण एक तृतीयांश उरली. एवढा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग असा की महिना उलटल्यावरही सुमारे एक पंचमांश बचत शिल्लक होती, म्हणजे पूर्णपणे पुसले गेले असे वाटत होते त्यातलेही काही आत उरले होते. ही कथा निरर्थक अक्षरांची झाली. अर्थ असलेला मजकूर त्याहून अधिक टिकतो. तुमचे ते चरित्र आज पुन्हा उघडलेत, तर थोड्याच पानांत पुढची वळणे ओळखीची वाटू लागतील, याची मला खात्री आहे.

आता आढाव्याविषयी. माझे आग्रहाचे सांगणे असे की यादीपासून सुरुवात करू नका. तुम्ही ती वाचून बसला आहात, तरी हरकत नाही. आठवडाभर ती नजरेआड ठेवा. मग एखाद्या निवांत संध्याकाळी कोरा कागद घ्या आणि वर्षभरातल्या वाचनापैकी जे जे आठवेल ते ते, येईल त्या क्रमाने लिहीत जा. शीर्षक आठवत नसेल तर प्रसंग लिहा. प्रसंगही आठवत नसेल तर एखादे पात्र, एखादे अर्धे वाक्य, पुस्तक कुठे बसून वाचले ती जागा, त्यावरून ज्याच्याशी वाद झाला तो माणूस, यांपैकी काहीही लिहा. दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन पुन्हा बसा, कारण पहिल्या दिवशी दडून राहिलेल्या काही गोष्टी दुसऱ्या दिवशी वर येतात. त्यानंतरच यादी उघडा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा.

यादीत असलेली पण कागदावर न आलेली पुस्तके पाहून तुम्ही खट्टू व्हाल, ते स्वाभाविक आहे. पण कागदावर आलेले आणि यादीत मात्र नसलेले वाचन त्याहून अधिक बोलके असते. एखाद्या मासिकातील लेख, कुणी वाचायला धाडलेली कथा, वाट पाहत बसलेले असताना चाळलेले जुने पुस्तक, यांची आपण कधी नोंदच करत नाही, आणि वर्षाअखेरीस मनात घर करून राहिलेले असते ते नेमके हेच. आपले लक्ष खरोखर कुठे गेले होते, हे या तफावतीतून कळते. आढावा घ्यायचा तो या तफावतीचा.

पुढची पायरी पुस्तके प्रत्यक्ष हाती घेण्याची. त्या चरित्रातले खिडकीशी बसलेल्या नायिकेचे पान शोधून काढा आणि ते वाचण्याआधी तो प्रसंग तुम्हाला जसा आठवतो तसा चार ओळींत लिहा. मग मूळ पान वाचा. दोहोंत फरक निघण्याची दाट शक्यता आहे. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्लंडमधल्या वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. 1932 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे प्रयोग सविस्तर आले आहेत. वाचकांच्या लेखनात कथा आखूड झाली, तिच्यातले अनोळखी तपशील गळाले किंवा परिचयाचे झाले. मूळ कथेतील झाडाच्या खोडाची होडी साधी नाव बनली आणि सील प्राण्यांची शिकार नुसती मासेमारी झाली. तुमच्या आठवणीतही असेच काही झाले असेल. मूळ पानावर कदाचित खिडकी नसेलच, आजारपण काही आठवड्यांचेच असेल, किंवा ती भाषा तिने आधीपासून थोडीफार शिकलेली असेल. जिथे आठवण मूळ मजकुरापासून दूर गेली आहे, तिथे तुमचे स्वतःचे काहीतरी त्यात मिसळले आहे. दीर्घ आजारपणात शिकत राहणे ही गोष्ट तुम्हाला का हवीशी वाटली, हा प्रश्न या ठिकाणी स्वतःला विचारावा. वर्षभराच्या वाचनाविषयीचा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

आठवून लिहिण्याच्या या खटाटोपाचा आणखी एक फायदा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अधिक मजकूर राहिला होता. तेव्हा तुमचा तो कोरा कागद वर्षाच्या वाचनाची तपासणी तर करतोच, शिवाय ते वाचन थोडे पक्केही करतो.

प्रश्न: आठवड्याला एक पुस्तक असा संकल्प मी वर्षारंभी केला होता. निम्मी मजलसुद्धा गाठता आली नाही आणि आता आढावा घ्यायचीही इच्छा होत नाही. संख्येचे बंधन ठेवणे बरोबर की चूक?

उत्तर: ज्याची वाचनाची सवय पार मोडली आहे, त्याला पुन्हा पुस्तकाकडे वळायला संख्येचे बंधन उपयोगी पडते, हे मी मान्य करते. परंतु तुमच्यासारख्या नियमित वाचकाच्या बाबतीत या बंधनाचा एक परिणाम हळूहळू होतो आणि तो लवकर ध्यानात येत नाही: संख्या पुस्तकांची निवड करू लागते. आठशे पानांची कादंबरी पुढे ढकलली जाते, कारण तिच्यापायी चार आठवडे हातचे जातील. काव्यसंग्रह एका बैठकीत उरकला जातो, कारण तोही एकच धरला जातो. आणि दोनदा वाचावे असे प्रकरण एकदाच वाचून पान उलटले जाते. आपली यादी समोर घ्या आणि वर्षाच्या उत्तरार्धात निवडलेली पुस्तके पूर्वार्धातल्यापेक्षा पातळ आहेत का, एवढे पाहा. तसे असेल तर संकल्पाने काय केले, हे तुम्हाला मी सांगायची गरज उरणार नाही.

ब्रिटनचे पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन यांनी सुमारे 70 वर्षे चालवलेल्या रोजनिशीत त्या त्या दिवशी काय वाचले ते नोंदवून ठेवले आहे, आणि त्या नोंदींतील ग्रंथांची व पुस्तिकांची संख्या 20 हजारांच्या घरात जाते. थक्क करणारा हा आकडा ती रोजनिशी टिकली आणि अभ्यासली गेली म्हणून आपल्याला कळतो. दररोज नोंद करणे आणि दररोज मोजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

काहीतरी मोजायचेच असेल तर वेळ मोजा. रोज अर्धा तास वाचले तर वर्षाचे 180 तासांहून अधिक होतात. त्या तासांत पाच पुस्तके झाली की पंचवीस, हे पुस्तकांच्या जातीवर अवलंबून राहील आणि तसेच ते राहावे. आढावा मात्र अवश्य घ्या. जी पुस्तके झाली, ती तुमच्या संकल्पासाठी लिहिलेली नव्हती. त्यांचा विचार त्यांच्या गुणांवरच व्हायला हवा.

प्रश्न: अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची नोंद यादीत करावी का?

उत्तर: करावी, आणि कितव्या पानावर व कोणत्या कारणाने सोडले हेही लिहावे. कंटाळा आला म्हणून सोडलेले पुस्तक, पेलवले नाही म्हणून सोडलेले पुस्तक आणि मध्येच दुसरे काम निघाले म्हणून राहून गेलेले पुस्तक या तिन्हींचे पुढचे भवितव्य वेगवेगळे असते. पहिले निःशंकपणे देऊन टाका. तिसरे पुन्हा उचला. दुसऱ्याच्या आधी वाचावे असे एखादे सोपे पुस्तक शोधा; अवघड ग्रंथ डोक्यावरून जातो तो पुष्कळदा वाचकाच्या कुवतीमुळे नव्हे, तर लेखकाने गृहीत धरलेले आधीचे वाचन झालेले नसते म्हणून.

प्रश्न: माझी आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती आणि तिचे सगळे मीच करत होते. एरवी मी वैचारिक ग्रंथ वाचणारी. यंदा मात्र रहस्यकथांपलीकडे काहीही वाचता आले नाही, त्याही बहुतेक पूर्वी वाचलेल्या. यादी पाहिली की शरम वाटते. हे वर्ष वाचनातून वगळून टाकावे असे वाटते.

उत्तर: कृपा करून वगळू नका. ज्या वर्षी तुम्ही रात्री-अपरात्री उठत होता, औषधांच्या वेळा सांभाळत होता आणि पुढे काय होणार हे ठाऊक नसताना रोजचा दिवस उभा करत होता, त्या वर्षी तुम्ही वाचत राहिलात, ही गोष्ट माझ्या मते यादीतल्या कोणत्याही शीर्षकापेक्षा मोठी आहे. झोप अपुरी असली आणि मनाला घोर लागलेला असला की लांबलचक युक्तिवादाचा धागा धरून ठेवणे अवघड होते. चार पानांपूर्वीचे गृहीतक ध्यानात ठेवून पुढचे वाक्य वाचायचे, तर त्यासाठी लागणारी मनाची मोकळी जागा आधीच दुसऱ्या चिंतांनी अडवलेली असते. रहस्यकथेत हा भार लेखक स्वतः उचलतो. तिच्यात सुरुवातीला एक प्रश्न पडतो आणि शेवटी त्याचे उत्तर मिळणारच, असा भरवसा असतो. पूर्वी वाचलेली रहस्यकथा तर हा भरवसा दुपटीने देते. घरात ज्या प्रश्नांना उत्तर नव्हते, त्यांच्या शेजारी बसून तुम्ही उत्तर असलेले प्रश्न वाचत होता. यात शरम वाटावी असे काय आहे?

एक सुचवते. यादीतील प्रत्येक पुस्तकासमोर ते वाचले तेव्हा आईची प्रकृती कशी होती, ते एका ओळीत लिहा. काही ठिकाणी ती ओळ लिहिणे जड जाईल. तिथे नुसता महिना लिहा. आणखी काही वर्षांनी ही यादी तुमच्यापाशी असलेल्या सर्वांत मोलाच्या कागदांपैकी एक असेल. शिवाय जुन्या कथा पुन्हा वाचताना रहस्य ठाऊक असल्याने तुमचे लक्ष दुसरीकडे गेले असेल: लेखकाने खुणा कुठे पेरल्या, खोटी वाट कशी दाखवली, दुय्यम पात्रांना किती जागा दिली. ते आठवत असेल तर अवश्य टिपून ठेवा. ही चिकित्साच आहे आणि वैचारिक ग्रंथ वाचणाऱ्या तुमच्या नजरेनेच ती केली आहे. त्या ग्रंथांकडे परतायची घाई करू नका. परताल तेव्हा एखाद्या छोट्या निबंधापासून सुरुवात करा.

प्रश्न: माझी पूर्ण यादी माझ्या व्यवसायाशी संबंधित ग्रंथांनी भरली आहे. कवितेचे एकही पुस्तक नाही, कादंबरी नाही. पूर्वी असे नव्हते. काळजी करावी का?

उत्तर: पूर्वी असे नव्हते, हे तुम्हीच लिहिले आहे, म्हणून उत्तर देणे सोपे जाते. चार्ल्स डार्विन यांचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. ते 1838 पासून 1860 पर्यंत वाचलेल्या व वाचायच्या पुस्तकांच्या वह्या ठेवत होते. तरुणपणी त्यांना कवितेची मनापासून आवड होती. जगप्रवासात जहाज सोडून जमिनीवरच्या मोहिमांना निघताना एकच पुस्तक बरोबर घेता येत असे, तेव्हा ते मिल्टनचे महाकाव्य घेत. पुढे 1876 साली लिहिलेल्या आत्मवृत्तात मात्र त्यांनी कबुली दिली आहे की आता कवितेची एक ओळदेखील आपल्याला सहन होत नाही. पुन्हा आयुष्य जगायला मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचण्याचा आणि थोडे संगीत ऐकण्याचा नियम आपण करू, असेही ते पुढे म्हणतात. ही आवड एका दिवसात गेली नव्हती. कोणत्याही एका वर्षाची यादी पाहून ती ओसरते आहे हे कदाचित कुणाच्या लक्षातही आले नसते.

म्हणून एका वर्षाच्या यादीवर थांबू नका. मागच्या पाच-सहा वर्षांच्या याद्या असतील तर त्या काढा आणि कवितेचे शेवटचे पुस्तक कोणत्या वर्षी दिसते ते शोधा. व्यवसायाचे वाचन कमी करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण ते तुमच्या कामाचा भाग आहे आणि त्यात आनंदही असू शकतो. परंतु डार्विन यांनी सुचवलेले प्रमाण, आठवड्यातून एकदा, कुणालाही झेपण्याजोगे आहे. ज्या कवीपाशी तुम्ही थांबला होता, त्याच्यापासूनच पुन्हा सुरुवात करा.

प्रश्न: पुढच्या वर्षासाठी नोंदवही ठेवावी असे ठरवले आहे. दरवेळी उत्साहाने सुरुवात होते आणि दोन-तीन महिन्यांत वही बंद पडते. टिकणारी पद्धत कोणती?

उत्तर: वही बंद पडते ती बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण म्हणजे आपण प्रत्येक पुस्तकाचे परीक्षण लिहायला बसतो आणि थकून जातो. दुसरे कारण असे की लिहिलेले पुन्हा सापडत नाही, म्हणून लिहिण्यात अर्थ वाटेनासा होतो. पहिल्यावर इलाज सोपा आहे: पुस्तकामागे तीन ओळींची मर्यादा घाला, त्यात एक ओळ मताची, एक प्रश्नाची आणि एक पुस्तकातून उतरवून घेतलेली, पान क्रमांकासह. पान क्रमांक टाळू नका. तो नसलेला उतारा पुढे पडताळून पाहता येत नाही.

दुसऱ्या अडचणीवर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी काढलेली तोड आजही उपयोगी आहे. त्यांची पद्धत 1686 साली फ्रेंच भाषेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या निधनानंतर 1706 मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आली. वहीच्या आरंभीच्या समोरासमोरील दोन पानांवर ते रेघा मारून सूचीची चौकट आखत. वीस अक्षरे आणि प्रत्येकापुढे पाच स्वर अशी ती शंभर घरांची चौकट होती. टिपण कोणत्या विषयाचे आहे ते ठरवायचे, त्या विषयाच्या शब्दाचे पहिले अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर पाहायचा, आणि त्या घरात फक्त पानाचा क्रमांक टाकायचा. वहीची पाने विषयवार आधी वाटून ठेवावी लागत नाहीत, त्यामुळे एका विषयाची पाने कोरी पडली आणि दुसऱ्याला जागा पुरली नाही, असे होत नाही.

देवनागरीत हे आणखी सोपे होते, कारण व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात असतात. समजा, बाविसाव्या पानावर तुम्ही शिक्षणाविषयीचा उतारा लिहिला, तर सूचीत ‘श’च्या ओळीत ‘शि’च्या घरात 22 लिहायचे, शहराविषयीचा उतारा असेल तर त्याच ओळीतील ‘श’च्या घरात, एकटेपणाविषयी असेल तर स्वरांच्या ओळीत ‘ए’खाली. वर्षाअखेरीस ही दोन पाने उघडली की कोणत्या घरात आकड्यांची दाटी झाली आहे ते एका दृष्टिक्षेपात दिसते. शीर्षकांच्या यादीतून हे कळत नाही. प्रवासवर्णन, कादंबरी आणि इतिहास अशा तीन निरनिराळ्या पुस्तकांतून तुम्ही ‘घर’ या एकाच विषयावरचे उतारे उतरवून घेतले असतील, तर त्या वर्षी तुम्ही खरोखर घराविषयी वाचत होता.

पुस्तक स्वतःचे असेल तर डार्विन यांची रीतही जोडीला घ्यावी. ते आपल्या पुस्तकांच्या अखेरीस कामाला उपयोगी पडणाऱ्या मजकुराची छोटी सूची करत, पुस्तक दुसऱ्याचे असेल तर वेगळे टाचण काढत, आणि नवा विषय हाती घेण्यापूर्वी या सगळ्या सूच्या नजरेखालून घालत. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पान क्रमांक आणि दोन शब्द, एवढेच पुरते. मोबाईलवर नोंदी करणाऱ्यांना शोधण्याची सोय आयतीच मिळते, हे खरे. पण तिथेही उतारा नुसता चिकटवू नका, विषयाचा शब्द स्वतः ठरवून लिहा. पुस्तकातले कोणते वाक्य कोणत्या विषयाचे मानायचे, हे ठरवताना आपण ते वाक्य दुसऱ्यांदा आणि अधिक नीट वाचतो.

प्रश्न: ऐकलेली पुस्तके वाचनात धरावीत का? प्रवासात मी बरीच ऐकते.

उत्तर: धरावीत. समोर ‘ऐकले’ असे लिहून ठेवा, म्हणजे काही वर्षांनी कोणत्या प्रकारचे पुस्तक कानांनी अधिक टिकते आणि कोणते डोळ्यांनी, हे तुमचे तुम्हालाच कळेल. ऐकताना मागे जाऊन एखादे वाक्य पुन्हा पाहणे अवघड असते, म्हणून युक्तिवादाचे पुस्तक ऐकले असेल आणि आवडले असेल तर त्याचे एखादे प्रकरण छापील प्रतीत अवश्य वाचा.

प्रश्न: माझी धाकटी बहीण लांब राहते. लहानपणी आम्ही दोघी एकच पुस्तक आळीपाळीने वाचत असू. यंदा वर्षाअखेरीस तिला माझ्या वाचनाविषयी एक मोठे पत्र लिहावे असे मनात आहे. ताईगिरी वाटणार नाही, असे पत्र कसे लिहावे?

उत्तर: ही कल्पना मला अतिशय आवडली, आणि तिला फार जुना व मोठा पूर्वज आहे. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, फोटियस नावाचे एक विद्वान होऊन गेले. पुढे ते तिथले धर्मप्रमुख झाले. एका दूतमंडळाबरोबर जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, तेव्हा त्यांचा भाऊ तारासिओस याने त्यांना विनंती केली की मी हजर नसताना जी पुस्तके वाचली गेली, त्यांचा वृत्तांत मला लिहून द्यावा. फोटियस यांनी तो आठवून लिहिला आणि त्यात जवळपास 280 नोंदी आहेत. काही नोंदी दोन-चार ओळींच्या आहेत, तर काही पानेच्या पाने चालतात. एखाद्या लेखकाची शैली त्यांना आवडली नाही तर ते तसे सांगतात, मजकूर पटला नाही तरी भाषेची स्तुती करतात. त्यांनी वर्णन केलेल्या ग्रंथांपैकी कित्येक आज नष्ट झाले आहेत आणि त्यांच्याविषयी जी काही माहिती उरली आहे, ती बरीचशी भावासाठी लिहिलेल्या या नोंदींतून मिळते.

तुमच्या पत्रासाठी त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ही असमानता. प्रत्येक पुस्तकाला सारखी जागा देऊ नका. ज्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, त्याविषयी दोन पाने लिहा; ज्याविषयी एक वाक्य पुरे, तिथे एकच लिहा. ‘तू हे वाच’ असे कुठेही लिहू नका. ‘हे वाचताना मला अमुक वाटले’ असे लिहा, म्हणजे ताईगिरीचा प्रश्नच उरणार नाही. एक उतारा स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवून पाठवा, शक्यतो असा की ज्याचा अर्थ तुम्हाला पुरता लागलेला नाही, आणि तिला तो कसा वाटतो ते विचारा. लहानपणी दोघींनी मिळून वाचलेले एखादे पुस्तक हाताशी असेल, तर पत्र लिहिण्यापूर्वी ते पुन्हा वाचा. ती आता त्यातल्या कोणत्या पात्राच्या बाजूने उभी राहील, हे तिलाच विचारता येईल. पत्र डिसेंबर संपण्याआधी टाकले, तर जानेवारीत उत्तर येईल आणि नव्या वहीचे पहिले टिपण त्या उत्तरावरचे असू शकेल.